पांढरीची अंडी

फार पूर्वी, कोंबड्यांचं बोलणं माणसांना कळायचं तेव्हा, चांगुणाबाईकडे दोन कोंबड्या होत्या. पांढरी रोज अंडं घालायची, पण त्यावर कधी बसायची नाही. तांबडी मात्र पंधराएक अंडी घातली की खुडूक होऊन ती उबवायला बसायची.

एकदा तांबडी खुडूक झाली, तशी तिचं बसणं मोडायला चांगुणाबाईने तिला गार पाण्यात बुचकळलं. "पांढरीसारखं रोज अंडं घाल!" मग तिने पांढरीला तिच्याच अंड्यांवर बसवलं. पांढरी उठून चालू लागली, तेव्हा बाई झाडू घेऊन धावली. "कसली गं आई तू?"

तांबडी ओल्या अंगाने मध्ये उभी राहिली. "मालकीणबाई, खुडूक होणाऱ्या कोंबड्या तुमच्याच माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कापल्या आणि रोज अंडं देणाऱ्या तेवढ्या राखल्या. हिच्या रक्तातलं बसणं तुम्हीच काढून टाकलंत, आणि आता हिलाच मारता?"

बाईने झाडू खाली टाकला. तांबडी स्वतःच त्या अंड्यांवर बसली.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. त्यांतल्या माद्या, म्हणजे तलंगा, तांबडीच्या पंखाखाली वाढल्या, तरी मोठेपणी एकही अंड्यांवर बसली नाही. पण त्यांना कुणी वाईट आई म्हटलं, की म्हातारी तांबडी चोच उगारून अंगावर जायची.