गोमेच्या हाताची घडी

फार पूर्वी तळ्याकाठच्या शाळेत बगळे गुरुजी नव्याने लागले. पहिल्याच दिवशी वचक बसवला की वर्षभराची काळजी मिटते, असं त्यांचं ठाम मत. वर्गात शिरताच ते म्हणाले, "हाताची घडी, तोंडावर बोट. सगळ्यांची झाल्याशिवाय धडा सुरू होणार नाही."

बेडकाची झाली, खारीची झाली. गोमेला मात्र हातच हात. विसावी घडी घालेपर्यंत पहिली सुटायची.

"गुरुजी, तोवर एखादी गोष्ट सांगा ना," ती म्हणाली.

गुरुजींनी डोळे वटारले. गोमेने पुन्हा पहिल्या हातापासून सुरुवात केली. असा महिना गेला.

मग हत्तीसाहेब तपासणीला आले. गुरुजींची नोकरी कायम होणं त्यांच्याच शेऱ्यावर होतं. वर्ग चिडीचूप बघून गुरुजींची मान आणखी लांब झाली.

"काय रे बेडका, काय शिकलास?" साहेबांनी विचारलं.

बेडकाने तोंडावरचं बोट काढलं नाही. खारीनेही नाही.

"बरं, गुरुजी, तुम्हीच सांगा. महिनाभर काय शिकवलंत?"

गुरुजी नेहमीसारखे एका पायावर उभे होते. पोटाशी घेतलेला दुसरा पाय त्यांनी हळूच वर नेला आणि त्याचं एक बोट चोचीवर ठेवलं.