नळी बदलणारी रायफल

बंदुका एकमेकींशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. नेमबाजी संघाच्या कपाटात जुन्या रायफलीशेजारी एक नवी रायफल आली. नवीची नळी बदलता येई, आणि नळीबरोबर गोळीचं मापही.

जुनी फणकारली, "आज ही नळी, उद्या ती! तुझं स्वतःचं असं काय गं?"

"नेम," नवी म्हणाली.

प्रशिक्षक हैबतरावांना स्पर्धेला एकच रायफल न्यायची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी लांबवर लक्ष्य उभं केलं आणि नवीला लांब नळी बसवली. पहिली गोळी डावीकडे भरकटली. जुनी खदाखदा हसली. हैबतरावांनी नवीवर बसवलेल्या दुर्बिणीचा नेम जुळवायचा स्क्रू किंचित फिरवला, आणि पुढच्या सगळ्या गोळ्या मधोमध बसल्या.

मग जुनीची पाळी आली. तिचीही गोळी डावीकडे गेली. पण वर्षानुवर्षं न फिरवलेला तिचा स्क्रू गंजून घट्ट बसला होता, त्यामुळे पुढच्या गोळ्याही तिकडेच गेल्या.

संध्याकाळी कपाटातून जुनी ओरडली, "लक्ष्यच सरकलं होतं! आणि पहिली गोळी तर तुझीही चुकली."

"चुकली ना," प्रवासाच्या पेटीत आडवी होत नवी म्हणाली. "नळी बदलली की चुकतेच. तेव्हा गोळी कुठे गेली ते मी बघते, लक्ष्य कुठे सरकलं ते नाही."