गोदाच्या वाटचं काम

एका गावात एक बुरूड होता, केरबा त्याचं नाव. भोळा इतका, की बाजारात गिऱ्हाईक म्हणालं, "फुकट दिलीस तर नेईन टोपली," तर तो आनंदानं देऊन टाकायचा. वर घरी येऊन सांगायचा, सगळा माल खपला.

शेवटी त्याची बायको गोदा म्हणाली, बाजार मी करते, घर आणि पोर तू बघ. पोर म्हणजे चिंगी, नुकतीच रांगायला लागलेली. केरबाला वाटणी पटली. बघायचंच तर होतं.

पहिल्या बाजाराला गोदानं दूध चुलीवर ठेवलं, त्याला दुधाकडं बघायला सांगितलं आणि टोपल्या घेऊन निघाली. केरबा चुलीपुढं बसला. दूध तापलं, वर आलं, उतू गेलं, चूल विझली. त्यानं पापणी लवू दिली नाही. संध्याकाळी म्हणाला, "सगळं बघितलं. पार शेवटपर्यंत."

गोदानं कपाळाला हात लावला. वर यायला लागलं की नुसतं बघायचं नसतं, पाण्याचा हबका मारायचा असतो, असं तिनं समजावलं. केरबानं ते पक्कं ध्यानात ठेवलं.

पुढच्या बाजाराला चिंगी अंगणातून रांगत आली आणि ओट्याला धरून वर यायला लागली. केरबानं बरोबर हेरलं. तांब्या भरून हबका मारला. पोर खाली बसलं. परत वर आलं. परत हबका. गोदा आली तेव्हा चिंगी ओलीचिंब होऊन गळा काढून रडत होती, आणि केरबा घागर संपली म्हणून काळजीत होता.

पोरीला पुसता पुसता गोदानं त्याला शिकवलं, की रडणाऱ्याला पाणी मारायचं नसतं. खांद्यावर घ्यायचं, पाठ थोपटायची, अंगाई म्हणायची.

त्यानंतरच्या बाजाराला केरबाच्या सासूबाई आल्या. गोदाच्या माहेरची म्हैस मेली, हे सांगताना त्यांचा पदर डोळ्याला गेला. केरबा लगेच उठला. सासूबाई अंगानं भरलेल्या, पण त्यानं कुरकुर केली नाही. खांद्यावर घेतलं आणि जो जो करत गल्लीच्या टोकापर्यंत फिरवलं. त्या ओरडायला लागल्या तसं त्यानं आणखी जोरात थोपटलं.

सासूबाईंनी लेकीला बजावलं, पुरुषाला चूल आणि मूल जमत नसतं, तू बाजार सोड. पण केरबा बाजाराला गेला तर घरात दाणा राहणार नाही, हे गोदाला ठाऊक होतं. ती त्याला समोर बसवून म्हणाली, "एकेक किती सांगू? शेजारची ठकूबाई बघ. ती करेल तसं कर, बोलेल तसं बोल. माझ्या वाटचं कुठलंही काम मागं ठेवू नकोस."

पुढचा बाजार वटपौर्णिमेला आला. त्या दिवशी सगळं फार झकास चाललं. ठकूबाईनं अंगण झाडलं, केरबानं झाडलं. तिनं भाकरी थापली, यानं थापली. तिनं पोराला न्हाऊ घातलं, चिंगीही न्हाली आणि गाढ झोपली. मग ठकूबाई पूजेचं ताट घेऊन वडाकडं निघाली. केरबानं चिंगीला पाठीशी बांधलं, ताट घेतलं आणि मागोमाग गेला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो म्हणाला, गोदाच्या वाटचं काम आहे.

ठकूबाईनं वडाला सूत गुंडाळलं, यानंही गुंडाळलं. तिनं डोळे मिटून हळूच मागणं मागितलं, सात जन्म मला दाजीबाच नवरा मिळू दे. केरबानं क्षणभर विचार केला. काम गोदाचं, तर नाव गोदाचंच घ्यायला हवं. मग खणखणीत आवाजात तो म्हणाला, "देवा, सात जन्म आमच्या गोदाला दाजीबाच नवरा मिळू दे."

संध्याकाळी गोदा आली तर ठकूबाई दारातच कमरेवर हात देऊन उभी. तिनं सगळं सांगितलं आणि फणकाऱ्यानं निघून गेली. घर लख्ख होतं, भाकऱ्या गोल होत्या, पोर खिदळत होतं. गोदा मटकन खाली बसली.

"अरे, तो दाजीबा प्यायचं पाणीसुद्धा हातानं घेत नाही. सात जन्म मी एकटीनं कसं करायचं?"

केरबानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"घाबरतेस काय," तो म्हणाला. "मी येत जाईन की रोज सकाळी, पोर सांभाळायला."