पांढऱ्या चादरीवरचा संसार

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका नगरात अत्तर गाळणारी एक बाई राहत होती. तिच्या भट्टीचा वास वेशीपर्यंत जायचा. वाटसरू एकमेकांना म्हणायचे, "आलं हो नगर."

एके वर्षी राजवाड्यातून निरोप आला. राजकन्येचं लग्न होतं आणि मांडवभर शिंपडायला मोगऱ्याचं अत्तर हवं होतं. बाईने सावकाराकडून मोहरा उचलल्या, माळणीकडून गाड्याच्या गाड्या फुलं उधारीवर घेतली आणि भट्टी पेटवली. अत्तर तयार झालं, अन् म्हातारा राजा वारला. लग्न राहिलं. नगराने वर्षभर दुखवटा पाळला. दुखवट्यात अत्तर कोण लावणार? ठेवल्या ठेवल्या त्याचा वास उडून गेला.

मग एकाचं घेऊन दुसऱ्याला देणं सुरू झालं. माळीण समोरून येताना दिसली की बाई गल्ली बदलायची. शेवटी धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, असं किती दिवस? वकिलाकडे जा आणि देणं फिटत नाही म्हणून राजदरबारी नादारी माग. पण आईची चंदनाची कुपी आधी माझ्याकडे दे. ती घरच्या चीजवस्तूंच्या मोजणीत गेली तर पुन्हा दिसायची नाही."

आईने गाळलेलं ते चंदन वर्षानुवर्षं मुरलं होतं. घरातल्या सगळ्या चीजवस्तू एकीकडे आणि ती बोटभर कुपी एकीकडे. बाईने ती पदराखालून भावाच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी वकिलाच्या ओसरीवर जाऊन बसली.

वकील म्हातारा होता, हळू बोलायचा. त्याने तिला पाणी दिलं, मग विचारलं, "घरात काय काय आहे?"

ती सांगत गेली. मग तो म्हणाला, "कोणाचं देणं आहे?" तेही तिने सांगितलं. "आणि कोणाकडून येणं?" देण्याच्या धास्तीत आपलंही कुणाकडे काही राहिलंय, हे ती विसरूनच गेली होती. वकिलाने तिला घरी पाठवलं, आठवून यायला सांगितलं. अशा बऱ्याच खेपा झाल्या. दर वेळी उठताना तो एवढंच विचारायचा, "बाई, अजून काही?"

"नाही, एवढंच," ती म्हणायची.

"बघ हं. लोकांना वाटतं, वकील झाकायला मदत करतो. मी उघडायला मदत करतो. जे तू मला दाखवणार नाहीस, तिथे माझा हात पोचणार नाही."

सुनावणीच्या आदल्या दिवशी तो तिला रिकाम्या न्यायसभेत घेऊन गेला. "उद्या माणसं असतील, तू बावरशील. आज जागा पाहून घे."

बाई दारातच थबकली. छत इतकं उंच होतं की वर पारवे उडत होते आणि त्यांच्या पंखांचा आवाज खाली येईपर्यंत विरून जात होता. समोरच्या शिळेवर अक्षरं कोरलेली होती. वकिलाने ती वाचून दाखवली: 'ज्याने आपलं सगळं उघड मांडलं, त्याचं कामाचं हत्यार आणि छप्पर कोणी काढू नये. असेल ते वाटून द्यावं, उरलेलं देणं राज्याने पुसावं. ज्याने लपवलं, त्याला हे दार बंद.'

बाईच्या अंगावर काटा आला. आपण जन्मायच्या कितीतरी आधी, आपलं तोंडही न पाहता, कोणीतरी आपली एवढी काळजी वाहिली होती.

"हे कुणी लिहिलं?" तिने हळूच विचारलं.

"नाव कुणालाच ठाऊक नाही. पण त्याला एवढं कळलं होतं, की बुडत्या माणसाकडून वसुली होत नाही. आधी त्याला वर काढावं लागतं."

तिने शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाली, "वकीलबाबा, एक कुपी आहे. भावाकडे ठेवलीय."

वकील रागावला नाही. "चल, घेऊन येऊ," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिचा सगळा संसार पांढऱ्या चादरीवर मांडला गेला. भांडी, लुगडी, अंथरुणं, आणि मधोमध ती कुपी. सावकार पुढे बसला होता. माळीण मागे, भेगाळलेले पाय पोटाशी घेऊन. न्यायाधीशांनी कुपीची किंमत ठरवायला बूच काढायला सांगितलं.

चंदनाचा वास आधी पहिल्या रांगेत पोचला, मग मागे, मग पार छतापर्यंत. कुजबुज थांबली. सावकाराने बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. कुणी हात जोडले, कशाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाईचे डोळे वाहू लागले. आईच्या हातचा वास इतक्या माणसांना एकदम मिळालेला तिने कधी पाहिला नव्हता.

कुपी परगावच्या जवाहिऱ्याने विकत घेतली. आलेले पैसे वाटले गेले. सावकाराला निम्मेही मिळाले नाहीत, तो कुरकुरत गेला. माळणीलाही थोडं कमीच पडलं. भट्टी, तांब्याचा हंडा आणि घर बाईकडे राहिलं, बाकीचं देणं पुसलं गेलं.

बाहेर माळीण भेटली. या वेळी बाईने गल्ली बदलली नाही.

"तुझं नुकसान झालं," ती म्हणाली.

"झालं," माळीण म्हणाली. "कुपी बाहेर आली नसती तर याहून जास्त झालं असतं. आता उधार नाही देणार तुला."

"मागणारही नाही. पहाटे फुलं तोडायला येते. मजुरीत फुलं दे."

माळणीने तिच्याकडे नीट पाहिलं. "दव असतं," ती म्हणाली, "पदर खोचून ये."

तात्पर्य एवढंच: वाचवणारा हात केवढाही मोठा असो, आपली मूठ उघडल्याशिवाय तो धरता येत नाही.