हत्तीखान्यातल्या भिंती

फार फार पूर्वी, राजे हत्तीवरून हिंडत तेव्हाची ही गोष्ट. एका राजाचा हत्तीखाना भला मोठा होता. हत्ती चाळीस, माहूत चाळीस, आणि दर दोन हत्तींमध्ये एक उंच भिंत. एकाची युक्ती दुसऱ्याने पाहू नये म्हणून माहुतांनीच त्या भिंती मागून घेतल्या होत्या. आहे की नाही गंमत? आपली विद्या फक्त आपल्या लेकाला द्यायची, अशी तिथली रीत होती.

सगळ्या भिंतींआड जाणारं माणूस एकच, चारा आणणारी आजी. तिला भारी चौकशा. हा लेप कशाचा? हा डाव्या कुशीवरच का निजतो? "आजी, नसत्या पंचायती कशाला?" असं म्हणत म्हणत माहूत तिला सगळं सांगून टाकत. हिला काय कळतंय, असं त्यांना वाटे.

एके सकाळी तळ्याकाठी शेवंती हत्तीण दलदलीत रुतली. धडपडेल तशी ती आणखी खाली जाई. तिचा माहूत रडत होता. बाकीचे दोर लावून ओढत होते, जो तो आपल्याच बाजूला.

आजी चाऱ्याचा भारा घेऊन आली. सगळ्यांच्या मागे एक पिकल्या मिशांचा माहूत दोराला हात न लावता उभा होता. ती थेट त्याच्यापाशी गेली. "तुझा पहिला हत्ती असाच गेला ना रे? तेव्हा काय करायला हवं होतं, ते मला सांगितलंस. आता यांना सांग की."

त्याने मान खाली घातली. "माझ्या चुकीनं मेला, हे चारचौघांत कळेल, आजी."

"कळू दे. पण ही जगेल."

म्हातारा पुढे झाला. "दोर सोडा. मी ओढला म्हणूनच माझा गेला. फांद्या, गवत, मिळेल ते तिच्या सोंडेपुढे टाका. पुढचं तिचं तिला कळतं."

आजीने आपला भारा टाकला. शेवंतीने तो सोंडेने ओढून पायाखाली दाबला. मग फांद्या दाबल्या. दुपार कलता कलता ती काठावर आली. तिच्या माहुताने म्हाताऱ्याचे पाय धरले. हसलं कोणीच नाही.

हे राजाच्या कानावर गेलं. त्याने आजीला विचारलं, "काय देऊ?"

"भिंती पाडा, महाराज. वळसे घालून घालून माझे गुडघे गेले."

भिंती पडल्या. त्याच दगडांचा पार झाला. रोज संध्याकाळी माहुतांनी तिथे बसायचं आणि आज काय चुकलं ते सांगायचं, असं ठरलं. पहिले दोन दिवस कोणी तोंडच उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी आजी येऊन बसली आणि तिने विचारायला सुरुवात केली.

बोध: चूक झाकली तर एकाची अब्रू राहते, सांगितली तर दुसऱ्याचा जीव वाचतो.