तांबड्या थरातले बीळ

सह्याद्रीच्या एका उंच कड्याखाली एक साळू राहत असे. अंगभर काटे असलेले हे जनावर जन्मभर खणतच असते. ही तर खणून खणून पार मेटाकुटीला आली होती. नदीकाठचे जुने बीळ वळवाच्या पुराच्या गाळाने बुजले होते, दोन पिल्ले उघड्यावर होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ सपाटीवर, तिने जांभा उकरून पाहिला, तर उन्हाने कडक झालेल्या त्या दगडाने तिच्या नख्याच झिजल्या. काळ्या कातळाकडे तिने नुसते पाहिले आणि ती पुढे गेली.

कड्याच्या मध्यावर, दोन काळ्या थरांच्या मधे, तिला एक तांबडा पट्टा दिसला. मुलांनो, त्याची हकिकत थोडक्यात सांगतो. फार पूर्वी इथे जमिनीतून तापलेला लाव्हा वाहत आला आणि थिजून त्याचा काळा कातळ झाला. पुढे त्यावर माती साचली. मग पुन्हा लाव्हा आला आणि खाली सापडलेली ती माती भाजून तांबडी झाली. साळूला बिचारीला यातले काय ठाऊक असणार? तिने नखी लावली, तर थर भुसभुशीत. संध्याकाळपर्यंत बीळ तयारही झाले.

शेजारच्या कपारीत एक घोरपड राहत होती. ती म्हणाली, "बाई, इथे नको राहू. पाऊस लागला की हा तांबडा थर भिजतो आणि थोडाथोडा वाहून जातो. तो गेला की वरच्या कातळाला आधार उरत नाही. खाली ते धोंडे पडलेत ना, ते इथूनच गेलेत. ओढ्यापलीकडे मुरमाची जमीन आहे, झाडांच्या मुळांनी घट्ट धरलेली. तिथे जा."

"मुरूम खणायला आठवडा जाईल," साळू म्हणाली. "आता माझ्यात त्राण नाही गं. आणि छत बघ, अखंड कातळाचे आहे. एवढा पावसाळा निघाला की जाईन."

"सगळे असेच म्हणतात," घोरपड म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

पाऊस लागला. भिंती पाझरू लागल्या आणि बिळात तांबडा चिखल साचू लागला. साळूची जातच अशी, की बिळात पडलेली माती तिला सहन होत नाही. ती मागच्या पायांनी चिखल ढकलत बाहेर टाकी, दमून पडे, उठून पुन्हा टाकी. बीळ स्वच्छ राही आणि रोज थोडे रुंद होई. पिल्लांना लोळायला जागा झाली, म्हणून तिला बरेच वाटे.

एका दुपारी ती अशीच चिखल ढकलत पाठमोरी बाहेर आली. थोरले पिल्लूही खेळत खेळत तिच्याबरोबर बाहेर आले. तेवढ्यात वरचा कातळ खाली बसला. फार मोठा आवाजही झाला नाही. धाकटे पिल्लू आत झोपले होते.

साळू दिवस मावळेपर्यंत तो कातळ उकरत राहिली. त्यावर ओरखडासुद्धा उठला नाही. शेवटी थोरल्याला पोटाशी घेऊन ती पावसातच बसली आणि तिला फार रडू आले. घोरपड कपारीतून उतरून तिच्याजवळ आली.

"या पावसाने माझे पिल्लू नेले," साळू म्हणाली.

घोरपडीला तिची दया आली. गप्प बसावे असेही वाटले. पण एक पिल्लू अजून जिवंत होते, म्हणून ती बोलली. "एकट्या पावसाला हा कडा पाडायला अजून कित्येक वर्षे लागली असती, बाई. आधार तू काढलास, रोज थोडाथोडा."

तात्पर्य : दमलेल्याला सोपी जागाच सुरक्षित वाटते. तरी घर करण्याआधी डोक्यावरचे छत कशाच्या आधाराने उभे आहे ते पाहावे, आणि तो आधार आपणच तर काढत नाही ना, हे रोज पाहावे.