शेठच्या गादीची शिवण

"बाबा, मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर? चांगलं घर बघून सोयरीक केली, अन् सुनेनं येताना ढेकूण आणले!"

मिरचीचे व्यापारी विरूपाक्षशेठ घरापुढच्याच दुकानातल्या गादीवरून बोलत होते. समोर जमिनीवर दस्तगीरबाबा बसले होते. बाबा फकीर खरे, पण पोटासाठी सुंभाच्या बाजा विणायचे. जिथं बाज तिथं ढेकूण. त्यामुळं ढेकणांच्या बाबतीत पंचक्रोशीत त्यांचा शब्द शेवटचा.

"काय काय केलंत?"

"काय नाही केलं ते विचारा! फटीफटीत वेखंडाची पूड भरली. उशांखाली कडुलिंबाचा पाला घातला. बाजांवर कढत पाणी ओतलं. घरातलं झाडून सगळं अंथरूण चार चार दिवस उन्हात..."

"उपाय चांगले आहेत."

"डोंबल चांगले! शेवटी मुळावरच घाव घातला. सुनेला तिच्या वाकळेसकट माहेरी धाडली."

सुंभ वळता वळता बाबांचा हात थांबला.

"महानंदाला?"

"ढेकूण चावल्याच्या गांधी तिच्याच अंगावर उठायच्या ना! माझ्या अंगावर बघा, एक डाग नाही."

बाबांनी सुंभ बाजूला ठेवला.

शेठचा आवाज खाली आला. "आता व्याही अडून बसलेत. सोमवारपर्यंत न्यायला या, नाहीतर आमची पोर आम्हाला जड नाही म्हणतात. अन् पोरगा माझ्या पंक्तीला जेवत नाही."

"जाऊन किती दिवस झाले तिला?"

"बावीस."

"अन् ढेकूण?"

"आहेत की! म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

बाबा उठले. "शेठ, जरा बाजूला व्हा. या गादीला ऊन दाखवलं?"

शेठ खो खो हसले. "खुळे का काय बाबा! लक्ष्मीपूजन होतं हिच्यावर. वडिलांनी घातली, तेव्हापासून जागची हललेली नाही. माझ्याशिवाय कुणी टेकतसुद्धा नाही."

"व्हा तर खरं."

शेठ कुरकुरत उठले. ते हां हां म्हणेपर्यंत बाबांनी झोळीतलं दाभण काढून गादीच्या काठाची शिवण टर्रकन उसवली.

शिवणीतली काळी रेघ... हलली.

एक टाका पसरला, दुसरा पसरला. काळ्या दोऱ्याची म्हणून इतकी वर्षं जी शिवण शेठ बघत आले, ती पायांनी चालत निघाली.

"अगं आई गं..." शेठ भिंतीला जाऊन टेकले.

बाबांनी एक टम्म फुगलेला ढेकूण पांढऱ्या खोळीवर अंगठ्यानं चिरडला. लालभडक ठिपका उमटला.

"ताजं आहे," बाबा म्हणाले. "सून बावीस दिवस इथं नाही. गादीवर दुसरं कुणी टेकत नाही. मग हे रक्त कुणाचं?"

शेठ वेड्यासारखे धोतर झटकू लागले. मांडी बघितली, पोटरी बघितली. कुठं काही नाही.

"मला... मला कळलं कसं नाही, बाबा?"

बाबा दाभण पुसत म्हणाले, "चावतात सगळ्यांनाच, शेठ; गांधी सगळ्यांच्या अंगावर उठत नाहीत."

मग शेठमधला व्यापारी हळूहळू जागा झाला. ते जवळ सरकून दबक्या आवाजात म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गादी गुपचूप जाळतो. सोमवारी जातो अन् सांगतो, वेखंडानं गुण आला, घर साफ झालं, पोरीला पाठवा. चालेल ना?"

"जरूर जा," बाबा म्हणाले. "वेखंडाचंही सांगा. फक्त ढेकूण किती निघाले अन् कुणाच्या बुडाखालून निघाले, एवढा हिशेब व्याह्यांपुढं खरा मांडा, शेठ."